श्रावणातला बर्फ

नलूकाकी छत्री दिवाळीत घ्यायची आणि स्वेटर मे महिन्यात. कसालच्या बाजारात भर उन्हात लोकरीची टोपी डोक्यावर घालून बघणारी बाई ती एकच. दुकानदार हसला की म्हणायची, "हसतंस काय? मोसम सरलो काय मोल उतरता. थंडीत तुका गिऱ्हाईक गावला नाय, म्हणान ही माका गावली."

हायवेला लागून तिची खानावळ. माझी आई तिथे खोबऱ्याचं वाटप वाटायची आणि आठवी सोडून मी तिथेच ताटं पुसायला लागले. शाळा का सोडली, हे गावात सगळ्यांनी विचारलं. काकीने विचारलं नाही. तिने मला भात वाढायला शिकवलं, अनोळखी माणसाशी मान वर करून बोलायला शिकवलं. एकदा जेवायला आलेला एक पर्यटक म्हणाला, हिमाचलात माझं हॉटेल आहे, कामाला माणसं हवीत. आई रडायला लागली. काकी म्हणाली, "रडतंस कित्या? चेडू कामाक जाताहा, मराक नाय." आज मी दोन घास खाते ते तिच्यामुळे. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून कोणाला ते खरं वाटणार नाही.

आमच्या हॉटेलासमोर डोंगराचा मोठा उतार आहे. हिवाळ्यात लोक त्यावर स्कीइंग करतात, उन्हाळ्यात रोपवेच्या पाळण्यात बसून वर जातात, पावसाळ्यात ढगांत फिरतात. फोनवर हे ऐकून काकीने ठरवलं, बर्फ बघायचाच. "माझां आख्खां आयुष्य चुलीफुडे गेलां. एकदा तरी थंडीन दात वाजूक व्हये." वर्षभर तयारी चालली. कुडाळहून स्लीपरचं तिकीट, पुढे सरकारी बस, सोबत तांदूळ, कोकमाची सोलं, कुळथाचं पीठ, आणि झोपायला माझी खोली. "कधी स्वस्त पडतला, तां तेवढां तू सांग," म्हणाली.

तिथेच मी भ्यायले. घरी मी सांगितलं होतं की मी काउंटरवर बसते. खरं तर मी संडास-बाथरूम धुते. बर्फाच्या दिवसांत हॉटेल भरलेलं असतं, मॅनेजर दिवसभर माझ्या नावाने ओरडत असतो. काकी तेव्हा आली असती तर तिला पहिल्या तासात कळलं असतं. मार्चच्या सुरुवातीला दर उतरतात आणि उतारावर बर्फही असतो, हे मला माहीत होतं. तरी मी म्हटलं, "काकी, श्रावणात ये. तेव्हा सगळ्यात स्वस्त. बर्फ वर असतोच."

तिने विश्वास ठेवला. दुकानदारावर तिने कधी ठेवला नव्हता.

तीन दिवस प्रवास करून ती टोपी घालूनच बसमधून उतरली. समोर हिरवागार उतार, त्यावर गाई चरत होत्या.

"बर्फ खंय गो?"

मी ढगांकडे बोट दाखवलं. "त्यांच्या मागे."

तिने नजर उतारावर आणली. "गवात बरां आसा," म्हणाली. "आमच्या सड्यार ह्येच्यापेक्षा उंच येता. आणि तिकीट लागणा नाय."

मी हसले. ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने तिच्यासमोरच मला हाक मारली. सात नंबरच्या खोलीतला संडास तुंबला होता. मी बादली घेऊन गेले. परत आले तेव्हा काकी पिशवी बांधत होती.

"तू संडास धुतंस म्हणान माका लाज वाटणा नाय गो. मी जल्मभर लोकांची उष्टी काढलंय," ती म्हणाली. "पण तू माका स्वस्तात नाय बोलयलंस. तां लपवूक श्रावणात बोलयलंस."

मी पिशवी उचलून तिच्या मागे गेले. स्टँडवर तिने उरलेलं कुळथाचं पीठ माझ्या हातात दिलं आणि बस सुटेपर्यंत समोरच्या सीटकडे बघत बसली.

गावात ती काय सांगेल या धास्तीत आठवडा गेला. मग आईचा फोन आला. काकी सगळ्यांना सांगत होती की बर्फ गुडघाभर होता, आणि आपलं चेडू काउंटरवर बसतं, लोक त्याला मॅडम म्हणतात. ऐकून मला हायसं वाटायला हवं होतं.

आता तिचे गुडघे गेलेत, पुन्हा एवढा प्रवास व्हायचा नाही. आई अजून खानावळीतूनच फोन करते. काकीला दे म्हटलं की मागून आवाज येतो,

"सांग तिका, माझे हात पिठात आसत."