रुमालाखालचा हात

माहीमच्या चर्चबाहेर मेणाच्या वस्तू विकणाऱ्या बाईशी मी बोटांनी भाव करत होतो. त्या दिवशी मला पाहणाऱ्या कोणालाही माझ्या श्रद्धेची अवस्था कळली असती. तिथे दुखऱ्या अवयवाची मेणाची प्रतिकृती वाहतात, आणि मला गळा हवा होता. तिच्याकडे मेणाचे हात होते, पाय होते, बाळं होती, घरं होती, पण सुटा गळा नव्हता. मानेसकट अख्खं डोकं होतं आणि ती अख्ख्या डोक्याचे पैसे मागत होती. दुखणं गळ्याचं, मग डोक्याचे पैसे का द्यायचे, हे मी तिला खुणांनी पटवत होतो. मला तिथे घेऊन आलेल्या फर्नांडिसबाई शरमेने दुसरीकडे बघत होत्या. "तू सुधरणार नाय रे," त्या म्हणाल्या. "देवाच्या दारात पण घासाघीस?"

मला उत्तर देता आलं नाही. माझा आवाज गेला होता.

लालबागच्या मसाला गल्लीत माझं सुक्या मिरचीचं दुकान आहे. वडील गिरणीत होते. मी दुसऱ्याच्या दुकानात पोती उचलत धंदा शिकलो आणि जे काही उभं केलं ते या गळ्याच्या जोरावर. गिऱ्हाइकाला हाक मारायची, दलालाशी भांडायचं, हलका माल पाठवणाऱ्याला भर रस्त्यात सुनावायचं, हे सगळं गळ्याचं काम. माझा आवाज गल्लीच्या दोन्ही टोकांना ऐकू जायचा. तो आधी बसला, मग फाटला, मग उरलाच नाही. परळच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी आत नळी घालून पाहिलं आणि स्वरयंत्रावर गाठ आहे म्हणाले. काढून तपासायला पाठवावी लागेल. कसली आहे ते नंतर कळेल, आवाज किती परत येईल तेही नंतरच. तोवर एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंही नाही.

गल्लीत कोणी कोणी म्हणालं, इतकी वर्षं मिरचीची धूळ खाल्ली, त्याचं फळ. मला ते पटलं नाही. माझी देवाशी जुनी तक्रार होती आणि ही त्याच तक्रारीची पुढची पायरी आहे असं मला वाटत होतं.

मी शाळेत असताना आई आजारी पडली. बाबांनी गावच्या देवाला सांगणं केलं, ही बरी होऊ दे, मी मासे सोडतो. मालवणच्या माणसाने मासे सोडणं म्हणजे काय, हे आमच्याकडच्या लोकांना वेगळं सांगायला नको. आई बरी झाली नाही. पण बाबांनी मासे पुन्हा कधी खाल्ले नाहीत. आत्या बांगडे तळायची, आम्ही खायचो आणि बाबा शेजारी बसून आमटीभात कालवायचे. मी एकदा रागाने विचारलं होतं, "आता कशाक? आई तर गेली." ते म्हणाले, "सोडलंय मां." एवढंच. मोठा होऊन व्यापारात पडल्यावर हा राग आणखी वाढला. माल मिळाला नाही तर सौदा मोडतो, हे पोरालाही कळतं. देवाने माल दिला नाही आणि बाबा मरेपर्यंत किंमत देत राहिले. माझ्या लेखी ही सरळ फसवणूक होती आणि त्यात आमचाच माणूस भोळा ठरला होता.

त्यामुळे मी ठरवलं होतं, यावेळी आधी माल, मग किंमत. मेणाचं ते डोकं मी शेवटी घेतलं, पण आत नेऊन वाहिलं नाही. आवाज आला की वाहीन असं फोनवर लिहून फर्नांडिसबाईंना दाखवलं. त्यांनी कपाळावर हात मारला. गेली कित्येक वर्षं त्या मसाल्याची मिरची माझ्याकडूनच नेतात, म्हणून रागावून निघून गेल्या नाहीत. बसस्टॉपवर उभं असताना म्हणाल्या, "बघ, आपण इथे पाहुणे. जेवण चांगलं झालं तरी थँक्यू बोलायचं, नाय झालं तरी थँक्यू बोलायचं. घर आपलं नाय." मला ते मुळीच आवडलं नाही. मी फुकट जेवलो नव्हतो.

माणूस बोलायचा बंद झाला की सगळे त्याच्याशी बोलायला लागतात, हे मला त्या दिवसांत कळलं. जो येईल तो मला जगण्याचा अर्थ सांगून जात होता. बायको मंगळवारी प्रभादेवीच्या गणपतीला जाऊन आली की प्रसाद हातावर ठेवून म्हणायची, "देवान ठेवल्यान तसा रवाचा." मेणाचं डोकं तिने देव्हाऱ्यात गणपतीशेजारी ठेवलं होतं आणि रोज त्यालाही फूल वाहत होती. शाळेपासूनचा मित्र मिलिंद बँकेतून सुटला की दुकानावर यायचा. आमची चाळ एक, पण त्यांच्या घरात बुद्धवंदना व्हायची, आमच्या घरात आरती. तो आल्या आल्या म्हणायचा, "गल्ली किती शांत झालीय रे. लोक दुपारी झोपायला लागलेत." मग एकदा मी त्याला फोनवर लिहून विचारलं, मलाच का? इतक्या जोराने लिहिलं की काचेला तडा गेला.

मिलिंदने ते वाचलं आणि फोन माझ्या हातात परत दिला. "तुलाच नाही रे," तो म्हणाला. "तुलाही. दुःख सगळ्यांना आहे. ते कुणी मुद्दाम पाठवत नाही. आपल्याकडून दुसऱ्याचं थोडं कमी झालं तर बघायचं. बाकी अर्थबिर्थ मला माहीत नाही."

मी लिहिलं, मग तक्रार कुणाकडे करायची?

"माझ्याकडे कर. दिवसभर काउंटरवर तेच ऐकतो."

मी हसलो, पण घरी जाताना मनात तिघांचं बोलणं तागडीत टाकून पाहत होतो. बायकोच्या म्हणण्यात मालक होता, फर्नांडिसबाईंच्या म्हणण्यात यजमान होता, मिलिंदच्या म्हणण्यात कोणीच नव्हतं. तिघांपैकी एकाकडेही माझ्या बाबांच्या माशांचा जबाब नव्हता.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी बायको खाली कागदपत्रांच्या रांगेत होती. मी वर, आत बोलावण्याची वाट बघत बाकावर बसलो होतो. एसीने हात गार पडले होते आणि मी ते एकमेकांवर चोळत होतो. तो गारठा सगळा एसीचा नव्हता. शेजारी एक वयस्कर गृहस्थ येऊन बसले. स्वच्छ शर्ट, गळ्याभोवती पांढरा रुमाल बांधलेला. श्वास घेताना त्या रुमालाचं कापड आत जायचं, बाहेर यायचं. मला कळलं. त्यांचं स्वरयंत्र काढलेलं होतं आणि ते गळ्याला केलेल्या भोकातून श्वास घेत होते. माझ्या पुढ्यात माझंच उद्याचं चित्र येऊन बसल्यासारखं झालं. मला उठून जावंसं वाटलं.

त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. खिशातून दुसरा, मोठा चौकटीचा रुमाल काढला, माझा हात आपल्या हातात घेतला आणि दोन्ही हातांवर तो रुमाल पसरला. त्यांना फक्त ऊब द्यायची असणार.

पण मी मिरचीचा व्यापारी. माल घ्यायला ज्या घाऊक बाजारांत मी तरुणपणापासून जायचो, तिथे जुन्या दलालांचे सौदे रुमालाखाली व्हायचे. तोंडाने अक्षर काढायचं नाही. एकाने दुसऱ्याची बोटं दाबून भाव सांगायचा, दुसऱ्याने दाबून वाढवून मागायचा. नाही पटलं तर हात झटकायचा. रुमाल पडताच माझी बोटं आपोआप चालायला लागली. मी बोली लावली. मनात म्हणत होतो, मेणाचं डोकं वाहीन, आणि त्यांचं एक बोट दाबलं. मंगळवारी प्रभादेवीला अनवाणी जाईन, दोन बोटं दाबली. मग बोटं वाढवत गेलो. दुकानात ओरडणार नाही. बाबांसारखे मासे सोडेन. शेवटी त्यांचा अख्खा पंजा आवळला.

समोरून काहीच आलं नाही. वाढवून मागितलं नाही, हात झटकला नाही. तो हात तसाच उघडा, कोमट, माझ्या हाताखाली होता. इतक्या वर्षांत रुमालाखाली असा हात मला कधी भेटला नव्हता. मी वाट पाहिली. मग माझ्याजवळ द्यायला आणखी काही उरलं नाही आणि माझी बोटं सैल पडली. सौदा झाला नव्हता, मोडलाही नव्हता. नुसता हात हातात होता. माझे हात कधी गरम झाले ते मला कळलं नाही.

नर्सने माझं नाव पुकारलं. त्यांनी रुमाल काढून नीट घडी घातली, माझ्या खांद्यावर थोपटलं. तुम्ही कुठले, कोणाला मानता, हे विचारावं असं फार वाटलं. मला बोलायची बंदी होती आणि त्यांना बोलता येत नव्हतं. दुकानाच्या पायरीवर पाऊल पडताच गिऱ्हाईक कुठलं ते मी ओळखतो. या माणसाच्या कपाळावर, मनगटावर, गळ्यात मला ओळखीची एकही खूण दिसली नाही.

गाठ निघाली. तपासणीचा निकाल यायचा होता आणि मौन चालूच होतं. मधल्या बुधवारी मी देव्हाऱ्यातलं ते मेणाचं डोकं उचललं. बायकोने विचारलं, "आवाज येवक नाय तर?" मी मान हलवली, नाही. चर्चमध्ये जाऊन ते वाहिलं. सोबत काही मागितलं नाही. मागायचं राहून गेलं असंही नाही, मागावंसं वाटलं नाही. तिथल्या बाकावर बसल्यावर माझ्यासमोर सारखं बाबांचं ताट येत होतं. आमटीभात, आणि शेजारी आमची माशांची ताटं. त्या जेवणात बाबांच्या तोंडावर मी कधी तक्रार पाहिली नव्हती. ती सगळी माझी होती. त्यांनी मासे सोडले ते आईसाठी. ती गेली म्हणून तिच्यासाठी केलेलं परत घ्यावं, असं त्यांना कधी वाटलंच नसेल. रुमालाखाली बाबांचाही हात उघडाच होता.

निकालाच्या दिवशी डॉक्टर म्हणाले, गाठ साधी होती. माझ्या बायकोने डोळे पुसले. "आता बोला," ते म्हणाले. "पूर्ण नाव सांगा." मी माझं नाव सांगितलं. घोगरा, बारीक, परक्या माणसासारखा आवाज आला. मग रीतीप्रमाणे पुढे बाबांचं नाव आलं आणि मी तिथेच अडलो. डॉक्टरांना वाटलं आवाज फुटत नाही. ते म्हणाले, "घाई नको, जमेल." आवाजाचं काही झालं नव्हतं.

त्या गृहस्थांना मी पुढच्या प्रत्येक खेपेला शोधलं. नर्स म्हणाल्या, असे गळ्याला रुमाल बांधलेले इथे खूप येतात. त्यांना कोणी पाठवलं होतं का, हा प्रश्न बायको, फर्नांडिसबाई आणि मिलिंद आपापल्या परीने सोडवतात. मी तिघांचंही ऐकून घेतो. आवाज निम्माच परत आला आहे, त्यामुळे तसंही ऐकणंच जास्त होतं. भाव अजून करतो, राग अजून येतो. पण सकाळी दुकान उघडलं की तागडीला हात लावण्याआधी थोडा वेळ हात उघडा ठेवून बसतो. तेव्हा मागायला काही सुचत नाही आणि तेवढा वेळ मला बरं वाटतं.