त्या दिवशीची कोरी प्लेट

कॉलेजात मी बायोटेक्नॉलॉजीची प्रॅक्टिकल्स घेतो. सुरतेत इतकी वर्षं काढली, पण कॉलेजात मराठीत बोलायला माणूस नाही. बायको नोकरीसाठी नाशिकला. तिच्याशी फोनवर होईल तेवढंच. म्हणून वर्गातली, शहराच्या टोकाच्या कोसाडहून येणारी एक मुलगी मला जवळची वाटायची. वडील कापडाच्या लूमवर कामाला, घरात अहिराणी. वर्गात ती सगळ्यांशी गुजराती बोले, पण माझ्या टेबलाशी आली की हळूच अहिराणीत म्हणायची, "सर, आते काय करानं?" तिला एम.एस्सी. करायचं होतं. शिफारस मीच करणार होतो.

प्रॅक्टिकल होतं जिवाणूंमध्ये बाहेरचा जीन घालायचं. मग ते अँटिबायोटिक मिसळलेल्या प्लेटवर पसरायचे. ज्यांनी जीन घेतला ते वाढतात, बाकीचे मरतात. एका प्लेटवर मुद्दाम जीन न दिलेले जिवाणू ठेवतात. ती कोरीच राहायला हवी.

दुसऱ्या दिवशी मुलं यायच्या आधी मी इन्क्युबेटर उघडला. ती कोरी राहायची प्लेट पांढरी भरून गेली होती. फ्रीजरमध्ये बघितलं तर या वेळी आणलेली अँटिबायोटिकची बाटली न उघडलेली. प्लेटा ओतताना मी ते घालायलाच विसरलो होतो. त्यांच्यावर काहीही वाढलं असतं. नेमके त्याच दिवशी बाहेरचे परीक्षक यायचे होते. मी ती प्लेट निर्जंतुक करायच्या कुकरमध्ये टाकली आणि गप्प बसलो.

सगळ्यांच्या प्लेटा भरलेल्या. मुलं फोटो काढायला लागली. फक्त तिची एकटीची कोरी. एक प्लेट कमी पडली म्हणून तिला मी मागच्या वेळची उरलेली दिली होती, अँटिबायोटिक घातलेली. जिवाणू सगळ्यांचे एकाच नळीतले होते. म्हणजे जीन कुणाच्याच जिवाणूंत गेला नव्हता, आणि ते फक्त तिच्या प्लेटवर दिसत होतं.

हे मला कळत होतं. तरी परीक्षकांसमोर मी म्हणालो, "हातच नीट नाही तुझा. लक्ष कुठे असतं?"

मागून एकजण बोलला, "एनाथी तो बॅक्टेरिया पण बी गया." हिला तर जंतूही घाबरले, म्हणे. सगळे हसले. मीही हसलो.

त्यानंतर ती माझ्याशी गुजरातीतच बोलू लागली. "हा सर." "ना सर." शिफारस मागायला आली नाही. मीही बोलावलं नाही. बोलावलं असतं तर खरं सांगावं लागलं असतं.

परवा ती कसल्याशा दाखल्यावर सही घ्यायला आली. हल्ली कडोदऱ्याला साड्यांच्या एका युनिटमध्ये ऑफिसचं काम बघते. सही केली आणि पेन खाली न ठेवताच सगळं सांगून टाकलं. तिने ऐकून घेतलं. दाखला घडी करून पर्समध्ये ठेवला.

"मने शुं कहो छो, सर? हस्या हता ए लोको. एमने कहो ने."

मला काय सांगता, हसले होते ते लोक, त्यांना सांगा. बरोबर होतं तिचं.

त्या वर्गाचा ग्रुप अजून आहे. तिथे लिहिलं: कोरी प्लेटच बरोबर होती, चूक माझी होती, आणि हे मला तेव्हाच माहीत होतं. दोघांनी हात जोडलेलं चित्र टाकलं. एकाने विचारलं, "सर, हवे अमारा मार्क्स पाछा लेशो?" आता आमचे मार्क परत घेणार का, म्हणे. जंतूंवरून विनोद करणाऱ्यानेही वाचलं.

ती त्या ग्रुपमध्ये नाही. 'सांगितलं त्यांना', एवढं तरी तिला कळवायला हवं. मराठीत दोन ओळी लिहिल्या, पुसल्या. गुजरातीत लिहिल्या. त्याही अजून न पाठवता तशाच आहेत.