काठावरचा गाळ

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय, ते मलाच नीट कळत नाही.

अमरावतीच्या आमच्या घरामागे कमळाचं एक छोटं टाकं होतं. माझ्या सासऱ्यांनी, मामाजींनी, ते निवृत्त झाल्यावर बांधून घेतलं होतं. त्यात चतुर, ते जाळीदार पंखांचे लांबट किडे, अंडी घालायचे. त्यांची पिल्लं — मातकट, सहा पायांची, दिसायला अगदी ओंगळ — कितीतरी महिने तळाच्या गाळात राहायची, डासांच्या अळ्या खायची. मग एखाद्या सकाळी कमळाच्या देठावर चढायची, पाठ उकलायची आणि पंख फुटून निघून जायची. मागे राहिलेली कात मामाजी शेजाऱ्यांना बोलावून दाखवायचे.

दिवाळीनंतर टाकं साफ करायचे तेही तेच. पण त्या वर्षी त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं, वाकता येत नव्हतं. म्हणून मी उतरले. ते खुर्चीवर बसून सांगत होते — सारं पाणी काढू नको, अर्धंच काढ, हळू. शेवटी म्हणाले, "गाळ दोन दिवस काठावरच राहू दे. पिल्लं आपल्या पायानं पाण्यात जातीन."

माझी कंबर मोडली होती. दुपारचे तीन वाजले होते आणि मी जेवलेली नव्हते. ते त्यांनी विचारलं नाही. पिल्लांचं मात्र चारदा विचारलं. हे कारण म्हणून सांगत नाहीये — मग का सांगतेय?

ते आत जाऊन झोपले. मी गाळ घमेल्यात भरला आणि शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर, उन्हात नेऊन टाकला. पाच खेपा. दुसऱ्याच खेपेला मला ती दिसली होती. गाळात हलत होती. नजरचुकीनं झालं असं म्हणायची सोय नाही. मी पाहिलं, आणि तिसरं घमेलं भरलं.

उठल्यावर त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "गेली सगळी पाण्यात. मग उचलला गाळ."

"इतक्या लवकर?" ते म्हणाले. आणि त्यांनी विश्वास ठेवला.

उन्हाळा लागला तसे ते रोज सकाळी वॉकर घेऊन टाक्यापाशी जायचे, एकेक देठ बघायचे. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची. एक शब्द — एकच तर बोलायचा होता. चैत्र गेला, वैशाख गेला. एकही कात नाही. पाण्यात डासांच्या अळ्या वळवळायला लागल्या.

मग गल्लीतले एक मास्तर आपलं टाकं कसं साफ करावं ते विचारायला आले. मामाजी खाली बघत म्हणाले, "मले नका इचारू, मास्तर. मायंच काईतरी चुकलं. सारे मेले."

मी चहा घेऊन उभी होते. मी विचारलं, साखर बरोबर आहे का? आणि आत आल्यावर मला हलकं वाटलं. दोष कुणीतरी घेतला होता.

पुढच्या आठवड्यात त्यांनी टाकं बुजवून घेतलं. माती पडत असताना मला म्हणाले, "या टाक्यापायी तुले लय तरास देल्ला मी."

मी "हो" म्हणाले.