दारावर ऐकलेला दुसरा भाग

किस्से काय कुणी गोळा करत नाय. कोपऱ्यात जाळी धरतात तसे ते धरतात. घरात झाडू मारणारी बायको होती तोवर माझ्याकडं एवढे साठले नव्हते. मी सांगायला लागलो की ती म्हणायची, "पुरे, आधी दळण आणा." आता पुरे म्हणणारं कोण नाय, म्हणून ऐका.

मी मुरबाडच्या टॉकीजमध्ये डोअरकीपर होतो. शाळा चौथीपर्यंत, ती पण मास्तर कंटाळला म्हणून सुटली. काम काय, तर तिकीट फाडायचं, बॅटरी मारून खुर्ची दाखवायची, प्यायलेल्याला कॉलर धरून बाहेर काढायचं, आणि शो सुटला की दारावर उभं राहून ऐकायचं. हे शेवटचं काम शेठनं लावलेलं. शेठ स्वतः पिक्चर बघायचा नाय, त्याचं डोकं दुखायचं. बाहेर पडताना पब्लिक काय बोलतं ते मी त्याला सांगायचो आणि त्यावर तो पिक्चर ठेवायचा की काढायचा ते ठरवायचा. पेपरात काय छापून येतं ते गेलं खड्ड्यात!

गावात केबल आली तशी खुर्च्यांवर माणसं कमी नि ढेकूण जास्त झाले. एक दिवस शेठ म्हणाला, "आबा, त्या गुप्तहेराच्या पिक्चरचा दुसरा भाग आणतोय. सगळीकडं तुफान चाललाय. इथं चालला तर टॉकीज राहील, नायतर खताचं गोदाम करतो. तुमी फक्त नीट ऐका."

घरी मला ऐकायला फक्त भिंतीवरचं घड्याळ होतं. म्हटलं, ऐकतो.

* * *

पहिल्या दिवशी हाऊसफुल्ल! शो सुटला आणि सगळ्यात आधी एक हवालदार बाहेर आला. साध्या कपड्यात होता, पण चालण्यावरून कळतंच. तोंड कडू.

"काय साहेब, कसा वाटला?"

"आबा, त्या हिरोनं गोळ्या किती झाडल्या हो?"

"मी काय मोजत बसलो नव्हतो."

"मी आख्ख्या नोकरीत एक झाडली. जत्रेत. ती पण हवेत!" तो म्हणाला. "अजून लेखी देतोय!"

मी शेठला जसंच्या तसं सांगितलं. शेठ म्हणाला, "म्हणजे आवडला की नाय?" म्हटलं, "हेवा वाटला त्याला. आवडल्यासारखंच ते."

* * *

टोकावड्याचा नामदेव तिकीट हातात घेऊन दारात अडून राहिला. भात पिकवणारा माणूस, सगळं क्रमानं लागतं त्याला.

"आबा, दुसरा भाग म्हणताय. मग पहिला कुठंय?"

"तो मागंच येऊन गेला."

"मला न सांगता? लावणी केल्याशिवाय एकदम कापणीला बोलावता काय?"

मागं लाईन तटलेली, लोक शिव्या घालतायत, आणि हा तिकीट फाडू देईना. शेवटी मी त्याला बाजूला घेतलं आणि पहिला भाग तोंडी सांगितला. आता माझी पंचाईत अशी, की पिक्चर संपत आला की मला बाहेरचे दरवाजे उघडायला जावं लागायचं. एवढ्या वर्षांत मी एकाही पिक्चरचा शेवट बघितलेला नाय! मग शेवट मीच घातला. हिरोचा जिवलग दोस्त गोळी लागून पडतो, हिरोच्या मांडीवर डोकं ठेवतो आणि म्हणतो, "घरी कोण नाय रे माझ्या. तेवढं म्हशीला बघ."

नामदेवनं गमछानं डोळे पुसले आणि आत गेला.

शो सुटला. विचारलं, "कसा वाटला?"

"ठीकाय. आगी बिगी चांगल्या लावल्यात," नामदेव म्हणाला. "पण पहिल्या भागाची सर नाय! काय ती म्हैस!"

* * *

हौसाबाई धसईकडची. बाजाराच्या दिवशी भाजी विकायची आणि टोपली रिकामी झाली की तीनचा शो बघून बसनं घरी. प्रत्येक पिक्चर बघायची आणि प्रत्येक पिक्चरला नावं ठेवायची. म्हणून मला ती पटायची.

त्या दिवशी बाहेर आली ती तावातावानंच. "कसला मेला पिक्चर! सुरू झाल्यापासनं पळतोय तो. बर्फात पळतोय, गाडीच्या टपावर पळतोय. एकदा तरी जेवला काय?"

"अगो, गुप्तहेर हाय तो."

"मग? गुप्तहेराला पोट नसतं? एवढी हापिसं, एवढे साहेब, एवढी ती गोरी बाय. कुणी एकानं तरी विचारलं काय, बाबा, जेवलास काय?"

मी म्हटलं, "त्याला घर नाय, दार नाय. कोण विचारणार?"

हौसाबाईनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. टोपली खाली ठेवली आणि म्हणाली, "तुमी जेवलाव काय?"

"जा, तुझी बस जाईल," मी म्हटलं. "आली मोठी विचारणारी!"

गेली. पण जाताना तिकीट खिडकीच्या कट्ट्यावर फडक्यात बांधलेली अर्धी भाकरी आणि ठेचा ठेवून गेली. शेठनं विचारलं, पब्लिक काय म्हणतंय? म्हटलं, तिखट हाय.

* * *

आता जीपचा किस्सा. पिक्चरची प्रिंट एकच आणि टॉकीजा दोन, एक शहापूरची, एक आमची. शहापूरला आधी शो लागायचा. तिथं निम्मा पिक्चर दाखवून झाला की त्या रिळांचे डबे जीपमध्ये टाकून किन्हवलीवरून इकडं यायचे. बाकीचे डबे मागच्या जीपला. आणि जीप कसली? वडाप! आत माणसं कोंबलेली, टपावर कोंबड्यांचे खुराडे, आणि सीटवर बसलेल्या बाईच्या मांडीवर क्लायमॅक्स!

एका शनिवारी मागची जीप आलीच नाय. इंटरव्हल झाला, भजी संपली, चहा संपला. बाहेर अंधार पडायला लागला. मशीनवरचा दामू ऑपरेटर सारखा खाली येऊन विचारायचा, "आली काय?" मी खेकसलो, "माझ्या खिशात हाय काय जीप?"

पब्लिक उठून जाईल म्हणून मी दारात काठी घेऊन उभा राहिलो. पण कुणी उठलं नाय. त्यांनी आपापसातच पुढचा पिक्चर सांगायला घेतला! एकजण म्हणाला, हिरोचा साहेबच फितूर हाय. दुसरा म्हणाला, ती पोरगीच बॉम्ब लावणार. वाशिंदला कंपनीत जाणारा एक होता, तो म्हणाला, साहेबाला फितूर व्हायला टाइम कुठंय, तो मिटिंगलाच असतो. सगळं थेटर हसायला लागलं. अनोळखी माणसं पाठ फिरवून मागच्या रांगेशी बोलत होती. लाईट चालू, पडदा पांढरा, आणि एवढा गलका मी त्या टॉकीजमध्ये कधी ऐकला नव्हता. शेवटी सगळ्यांनी मिळून शेवट ठरवला, की हिरो बॉम्ब विझवतो, राजीनामा तोंडावर फेकतो आणि एसटी पकडून गावाला जातो.

तेवढ्यात जीप आली. ड्रायव्हर आधी टपावरची कोंबडी पोचवायला एका पाड्यावर गेला होता, म्हणे! दामूनं रिळं चढवली. पिक्चर संपला. हिरो बर्फात एकटा चालत गेला, असं मला दारावर कळलं.

पब्लिक नाराज. नामदेवसारखाच एक म्हातारा माझ्यावर चढला, "हा काय शेवट झाला? आमच्यातला घरी तरी पोचला होता!"

* * *

माझा पोरगा वाशिंदला राहतो. नवीन बिल्डिंग, दुसरा माळा, बेल वाजवली की चिमणी ओरडते. दुसऱ्या आठवड्यात सुनेला, नातवंडांना घेऊन आला. मी खुशीत. म्हटलं, चला, पहिल्या रांगेत बसवतो, बाल्कनीत बसवतो, म्हणाल तिथं बसवतो!

पोरगा म्हणाला, "बाबा, आमी बघितला. सीडी आणली होती स्टेशनवरून."

"मग? कसा वाटला?" सवयच माझी.

"मला मधेच झोप लागली. पोरांनी बघितला असंल." मग म्हणाला, "तुमी आता सोडा हे. आमच्याकडं या. आराम करा."

मी म्हटलं, "तुझ्याकडं दार एक, ते पण आतून बंद. करू काय तिथं?"

चहा पिऊन गेले. त्या दिवशी शोला पहिल्या दोन रांगा पण भरल्या नव्हत्या. एसटी स्टँडवर पण सीडी मिळायला लागली होती. शेठनं त्या दिवशी पब्लिक काय म्हणतं ते विचारलंच नाय.

* * *

शेवटचा दिवस गुरुवार, तीनचा शो. शेठ स्वतः आला होता, हातात नवीन कुलूप. म्हणाला, "आबा, कोण आलं नाय तर आत्ताच लावून टाकतो."

एक आला. बुधा. डोंगराकडच्या वाडीवरचा ठाकर, मोळी विकायला खाली यायचा. मोळी विकली की पिक्चर. बोलायचा नाय कधी. कमरेचा कोयता माझ्याकडं ठेवायचा, तिकीट पुढं करायचा आणि तिसऱ्या रांगेत पंख्याखालच्या खुर्चीवर जाऊन बसायचा.

शेठ म्हणाला, "एका माणसासाठी काय मशीन चालवायचं? पैसे परत द्या त्याला."

मी म्हटलं, "तिकीट फाडलंय मी."

दामूनं पिक्चर लावला. मी बॅटरी मारून बुधाला त्याची खुर्ची दाखवली, थेटर रिकामं होतं तरी. पुऱ्या पिक्चरभर तो हलला नाय. संपत आला तसा मी जाऊन सगळे दरवाजे उघडले. सगळे.

बुधा बाहेर आला. मी त्याचा कोयता परत दिला. विचारलं, "कसा वाटला?"

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तो बोलला. "बरा हाय. त्यो मेला नाय ना?"

"नाय मेला."

"मंग तिसरा भाग येल."

"येईल."

"हितंच?"

शेठ कुलूप घेऊन मागंच उभा होता. भिंतीकडं बघत होता.

"इथंच," मी म्हटलं.

"मंग माजी जागा धरून ठेव," बुधा म्हणाला. "मी लय लांबून येतू."

"ठेवतो."

पुढं भिवंडीचा भंगारवाला आला टेम्पो घेऊन. त्याची माणसं पान्यानं खुर्च्या खोलत गेली, रांगच्या रांग बाहेर. दुपारपर्यंत हॉल साफ. तिसऱ्या रांगेतली ती एक तेवढी राहिली, कारण तिच्यावर मी बसलो होतो.

भंगारवाला पाना हातात घेऊन आला. "चाचा, उठो. ये एक कायकू छोडा?"

"हात नको लावू," मी म्हटलं. "बुक हाय!"