नोंदीखालची सही

सांगलीच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी पहिल्यांदा गेले तेव्हा खटावकर सरांनी माझं नाव विचारलं नाही. एक अंडं हातात दिलं आणि कवचाला खिडकी पाडायला सांगितलं. माझी तीन अंडी फुटली. चौथ्यात, बलकावर, तांदळाच्या दाण्याएवढा गर्भ दिसला. सर म्हणाले, ठोकळे मोजा. गर्भाच्या पाठीशी दोन्ही बाजूंना जोडीजोडीने ठोकळे उमटतात. किती जोड्या झाल्या त्यावरून त्याचं खरं वय कळतं. मी सात सांगितल्या. त्यांनी स्वतः पाहिलं, वहीत सात लिहिले, आणि मग नाव विचारलं.

सरांना यंदा साठ वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांच्या संशोधनाविषयी मी लिहावं असं गौरवग्रंथाच्या समितीने सुचवलं. मी त्यांच्याकडे पाच वर्षं काम केलं आहे, म्हणून होकार दिला.

सरांचा विषय आतला कान. कोंबडीच्या गर्भात कान जिथे व्हायचा तिथे आधी साधी कातडी असते. शेजारी वाढणाऱ्या मेंदूकडून कुठलासा रासायनिक पदार्थ तिच्या पेशींपर्यंत पोचतो आणि मगच त्या आत वळून कानाची पिशवी करू लागतात. तो पदार्थ कोणता, हे अजून कोणाला माहीत नाही. सरांचा प्रश्न त्याहून लहान होता: हा निरोप पोचतो कधी? आम्ही ठरावीक वयाच्या गर्भातून कातडीचा तो तुकडा कापून काचेच्या बशीत एकटा वाढवायचो. निरोप मिळाला असेल तर एकटा असूनही त्याचा कान होऊ लागतो. नसेल तर ती कातडीच राहते. वर्गात शिकवताना सर एवढंच म्हणत, "कोणतीही पेशी आपली आपण कान होत नाही," आणि फळ्याकडे वळत.

अंडी आणून देत सगुणाबाई. मूळच्या म्हसवडकडच्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. सांगलीबाहेर कोंबड्या पाळायच्या. सर अंडी खात नाहीत हे कळल्यावर त्या म्हणाल्या, "आवं मास्तर, खायाची न्हाईत, उबवून पिल्लं काढायची न्हाईत, नुसती बघायची? लय अवघड हाय तुमचं." सर मोठ्याने हसले. तसं हसताना मी त्यांना पुन्हा फारसं पाहिलं नाही.

सरांनी लग्न केलं नाही. माणसांत ते अवघडत. मी तापाने पडले होते तेव्हा आठवडाभर ते माझ्या खोलीच्या दाराबाहेर पेजेचा डबा ठेवून जात. दार वाजवत, आणि मी उघडेपर्यंत जिना उतरून गेलेले असत.

बहात्तरच्या दुष्काळातल्या हिवाळ्यात आमच्या बश्यांमध्ये कान होऊ लागले, आणि तेही आम्ही धरलं होतं त्यापेक्षा लहान वयाच्या तुकड्यांतून. याचा अर्थ निरोप फार लवकर पोचत होता. सरांनी प्रत्येक बशी दोनदा तपासली. वय मात्र माझ्या वहीतून घेतलं. लेख स्वीकारला गेला. संशोधनाचे मार्गदर्शक म्हणून विद्यापीठाची मान्यता त्यांना त्या लेखावर मिळणार होती.

पुढच्या महिन्यात सगुणाबाईंनी टोपलीतली सहा अंडी बाजूला काढली. सकाळपासून दुपारपर्यंत त्यांच्यावर खुडुक कोंबडी बसली होती, म्हणून ती नको म्हणाल्या. अशी अंडी आधी कधी दिली होती का, असं मी विचारलं.

"दिली की. कोंबड्यास्नी दाणा नव्हता, आंडी कमी पडली, तवा. तुमी काय बोलला न्हाईसा. म्हनलं, चालत्यात."

तेव्हा दिलेली ती अंडी आमच्या हिशेबापेक्षा काही तासांनी मोठी होती. त्यांना निरोप आधीच मिळालेला होता. ठोकळे मोजले असते तर हे पहिल्याच दिवशी कळलं असतं. मी पहिल्या चार गर्भांचे मोजले होते, ते बरोबर आले होते. काम भराभर उरकायचं होतं, म्हणून बाकीच्यांच्या रकान्यात, अंडी उबवणीच्या पेटीत ठेवल्यापासूनच्या तासांवरून आकडे भरले.

तीन दिवस मी गप्प राहिले. चौथ्या दिवशी सरांना सांगितलं.

"सगळ्यांचे ठोकळे मोजले होते?"

"नाही."

"वहीत आकडे आहेत."

"ते मी अंदाजाने लिहिले."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग कागद घेतला आणि लेख मागे घेत असल्याचं पत्र लिहिलं. नोंदी ठेवण्यात माझ्याकडून चूक झाली, असं त्यात होतं. माझं नाव घाला, असं मी म्हटलं.

"नोंदीखाली सही माझी आहे," सर म्हणाले. "तुमचं सगळं अजून व्हायचं आहे. हे इथेच राहू द्या."

मी ते तिथेच राहू दिलं. सरांना मान्यता मिळाली नाही. निष्काळजी म्हणून त्यांचं नाव झालं, प्राध्यापकांच्या खोलीत कोंबडीवरून विनोद झाले, आणि दुपारच्या चहाला प्रयोगशाळेत येणारे लोक यायचे थांबले. सरांनी माझ्याकडून सगळे प्रयोग पुन्हा करून घेतले, प्रत्येक गर्भाचे ठोकळे शेजारी बसून मोजून घेतले. कागदोपत्री मार्गदर्शक दुसरे दाखवावे लागले, पण त्यावर मला पदवी मिळाली. पदवीच्या दिवशी सर्वांनी माझ्या काटेकोरपणाची स्तुती केली. सरही तिथे होते.

मागे घेतलेल्या लेखाचा उल्लेख या ग्रंथात टाळावा, सरांना ते बरं वाटणार नाही, असं समितीतल्या एका ज्येष्ठांनी मला सांगितलं. त्यांचा हेतू चांगला होता. पण तो उल्लेख टाळला तर चूक सरांचीच राहते. ती माझी होती. हा मजकूर मी सरांना आधी दाखवलेला नाही; दाखवला असता तर त्यांनी तो छापू दिला नसता.

निवृत्तीनंतर सर कोरेगावला एकटे राहतात. त्यांची दृष्टी आणि प्रकृती उत्तम राहो, त्यांना पुष्कळ आयुष्य मिळो, आणि ते त्यांना एकट्याने काढावं लागू नये. मी रविवारी जाते. बाकीचे सहा वार मोकळे आहेत.