त्या दिवशी पाणी नाही

आमच्या उरणकडे कुणी 'त्या दिवशी पाणी नाही' म्हणालं तर हंडे भरायला कुणी धावत नाही. मोऱ्याच्या धक्क्याला लाँच लागण्याइतकं पाणी नाही, एवढाच त्याचा अर्थ. ओहोटी मोठी असली की धक्क्यापुढे नुसता चिखल उघडा पडतो, लाँच बंद होते आणि समोरची मुंबई नुसती दिसत राहते. या एवढ्याशा बोलण्यापायी माझ्या आईचा उजवा डोळा गेला. बोलणं तिचं होतं, पण त्याच्या आड लपले होते मी.

मुंबईला मी किती वेळा गेले याची गणती नाही, पण एकटी एकदाही गेलेले नाही. निघताना घरातलं कुणीतरी विचारणारच, "सोबतीला कोन हाय?" आणि सोबत बदलली की मुंबईही बदलायची.

बाबांबरोबरची मुंबई म्हणजे त्यांची पाठ. ते मिठागरात राबायचे. वर्षातून एकदोनदा गोणपाटं आणि दोर आणायला लाँचनं भाऊच्या धक्क्यावर उतरायचे. मला मोठ्या कौतुकानं न्यायचे आणि तिथं गेल्यावर विसरून जायचे. मी काचेतली बाहुली बघत उभी राहिले की पुढून आवाज यायचा, "पानी चाल्लं, पाय उचल!" तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, हे त्यांनी मला पाढ्यांच्या आधी शिकवलं. मुंबई ही पोचल्या पोचल्या निघायची जागा आहे, असं मला कितीतरी वर्षं वाटायचं. फार राग यायचा त्यांचा. पण परतताना लाँचच्या बाकावर बसून ते वडापावातला वडा मला द्यायचे आणि पाव स्वतः खायचे, मग राग कुठला टिकतो.

कॉलेजातल्या मैत्रिणींबरोबरची मुंबई निराळी. आम्ही चौघी हातात हात धरून रस्ता ओलांडायचो, तोही किंचाळत. फुटपाथवरची कानातली लावून बघायची, घासाघीस करायची आणि न घेता पुढं जायचं. एकदा एका विक्रेत्यानं विचारलं, "कुठल्या गं पोरींनो तुम्ही?" आम्ही एका सुरात म्हणालो, "आमी दादरच्या!" त्या 'आमी'नंच आमचं पितळ उघडं पाडलं. तो इतका हसला की त्याच्या हातातली डूल लावलेली पाटी पडली. आम्हीही हसलो. घरी आल्यावर मात्र मला बरं वाटेना. गावाचं नाव सांगायची लाज वाटली, याचीच लाज वाटत होती.

लग्नानंतर नवऱ्यानं मुंबई दाखवली ती बसनं. तो बंदरावरच्या ट्रेलरवर ड्रायव्हर. त्याला लाँच म्हणजे वेळेचा खोळंबा वाटतो. आणि मला बस लागते. पनवेल यायच्या आत माझ्या पोटातलं सगळं पिशवीत. पुढं तो खिडकीतून दाखवत होता, इथं नो एंट्री, इथं माझी गाडी अडवली होती, इथं हवालदार फार खडूस. संध्याकाळी कौतुकानं चौपाटीवर नेलं. मी म्हटलं, "एवढं ओकून येऊन पन दर्याच बघायचा?" त्याला वाईट वाटलं असणार. मला हसू आलं ते आवरलं नाही. त्यानंतर मी बसनं मुंबईला गेले नाही. जायचं तर लाँचनं, नाहीतर नाही.

मग आईच्या डोळ्यांचं दुखणं सुरू झालं. बाबा तोवर गेले होते. आईला बाजूचं दिसेनासं झालं, ताटातली कोशिंबीर हाताला लागेना. मुंबईतल्या मोठ्या दवाखान्यात दाखवलं, तर काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की यात गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली तेवढी वाचवायची, उशीर करू नका. नोंदणीच्या खिडकीतल्या बाईंनी ऑपरेशनची तारीख दिली. आईनं बोटांच्या पेरांवर मोजलं आणि मान हलवली.

"पुनवेचा दुसरा दिस हाय. त्या दिशी सांजचं पानी न्हाय."

बाई म्हणाल्या, "आजी, आमच्याकडे चोवीस तास पाणी असतं. काळजी करू नका."

मी खो खो हसले. आईही हसली. खरं तर मी तिथंच म्हणायला हवं होतं, पाण्याचं राहू दे, आपण बसनं येऊ. पण पिशवी, पनवेल, तो डिझेलचा वास, सगळं डोळ्यांपुढं आलं आणि मी दुसरी तारीख मागून घेतली.

दुसरी तारीख पडली भर पावसाळ्यात. आदल्या दिवशी बंदरावर वादळाचा तीन नंबरचा बावटा लागला, लाँच बंद. नवरा म्हणाला, "अगं, बसनं जा की!" मी म्हटलं, "आईला बस सोसत न्हाय." आई ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिनं वर बघितलं आणि पुन्हा खडे वेचायला लागली. माझी आई बसमध्ये खिडकीशी बसून शेंगा खाते आणि कंडक्टरशी गप्पा मारते, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. मग लावणी आली, मग गणपती. आम्ही पोचलो तेव्हा उजव्या डोळ्यात वाचवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. डाव्याचं ऑपरेशन झालं. तो तेवढा उरला.

आता मला सोबत माझ्या लेकीची असते. ती गाडी चालवते. चिर्ल्याला दर्यावरच्या नव्या पुलावर चढायचं आणि चारपाच गाणी संपेपर्यंत मुंबईत शिवडीला उतरायचं. "आई, टेन्शन नको घेऊ," ती म्हणते, "तुमचं ते भरती-ओहोटीचं झंझट संपलं ना." हा पूल मला आवडतो आणि त्याचा रागही येतो. तेव्हा असता तर, हा विचार प्रत्येक वेळी त्या चढावर येतोच. आईला उजवीकडचं दिसत नाही म्हणून मागच्या सीटवर मी तिच्या उजवीकडं बसते.

परवा डाव्या डोळ्याच्या तपासणीला गेलो होतो. डॉक्टर म्हणाले, टिकून आहे, पण तपासणी एकदाही चुकवायची नाही. खिडकीत आता दुसऱ्या बाई होत्या. त्यांनी पुढची तारीख सांगितली. आईची बोटं सवयीनं पेरांवर फिरायला लागली. तिसऱ्या पेरावर ती थांबली, मूठ मिटली आणि म्हणाली, "लिवा. कवाचीबी लिवा."

परतताना पुलावर माझ्या पोटात ढवळायला लागलं. गाडीतही मला लागतं, लेकीला ते अजून सांगितलेलं नाही. मी तोंड मिटून समोर बघत बसले. तेवढ्यात आईनं कनवटीला चाचपून एक लिंबू काढलं आणि चाचपडतच माझ्या हातात ठेवलं.

"हुंग."

एवढ्या वर्षांत जे बोलले नव्हते ते मग एकदम तोंडातून बाहेर पडलं. "आई, बस मला लागायची. तुला न्हाय. मी खोटं बोल्ले होते."

"मना ठाव हाय," ती म्हणाली. "मीच जनलंय तुला."

"मग तेव्हा बोललीस का न्हाय?"

तिनं डावा डोळा माझ्याकडं वळवला. त्यासाठी तिला अख्खी मान फिरवावी लागते. "मना वाटलं, माज्यासाटी तू येशीलच की बसनं," ती म्हणाली. "आज न्हाय तर उद्या."

लेकीनं गाणं बंद केलं. खाली शिवडीपासून पार चिखल उघडा पडला होता. आईनं पानी हाय का विचारलं. मी म्हटलं, न्हाय.