बांधावरची ब्राह्मी

हिंजवडीत नव्या इमारती उभ्या राहत होत्या, त्या दिवसांत मी कर्वेनगरहून रोज कंपनीच्या बसने कामाला जायचे. ऑफिसात माझ्या शेजारी आसामहून आलेली एक मुलगी बसायची. पुण्यात येऊन तिला दोनच महिने झाले होते आणि कँटीनच्या तेलकट जेवणाने तिचं पोट सारखं बिघडायचं. डॉक्टरांच्या गोळ्यांनी दोन दिवस बरं वाटे, की पुन्हा तेच.

एका दुपारी आम्ही जेवून इमारतीभोवती फेरी मारत होतो. मागच्या बाजूला एक नळ गळायचा, त्यामुळे तिथली जमीन कायम ओली असे. ती अचानक तिथे उकिडवी बसली. जमिनीलगत पसरलेली, नाण्याएवढी गोल पानं होती.

"मणिमुनी!" ती आनंदाने ओरडली आणि खुडायलाच लागली. पोट बिघडलं की तिची आई हीच पानं वाटून भाताबरोबर वाढायची म्हणे.

"ए पोरी, टाक ते! कालच औषध मारलंय तिथं." बागकाम करणाऱ्या मावशी हातात खुरपं घेऊन धावत आल्या.

मावशी शेजारच्याच गावातल्या. ती मुलगी काय म्हणते ते मी त्यांना मराठीत सांगितलं.

"आमच्यात ही ब्राह्मी," त्या म्हणाल्या. "तेलात उकळून डोक्याला लावतो. बारक्या पोरांना दुधातनं रस देतो. जेवणात खातात व्हय हिला?"

"खातात. माशांच्या कालवणातसुद्धा घालतात," तिला विचारून मी म्हणाले.

"ब्राह्मी आन् मासं!" मावशींना हसू आवरेना.

सोमवारी सकाळी त्या आमच्या बसची वाट पाहत उभ्या होत्या. हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेली भली मोठी जुडी. कामावर येण्याआधी त्या भावाच्या भातखाचरात उतरून बांधावरची पानं खुडून आल्या होत्या. पायांवरचा चिखल अजून वाळायचा होता. "तिथं कसलं औषध मारत न्हाईत," त्यांनी बजावलं, "तरी तीन पाण्यांनी धू म्हणावं."

माझा जन्म पुण्यातला. ब्राह्मी मी पाहिली होती ती तेलाच्या बाटलीवरच्या चित्रात. या दोघी मात्र एकमेकींची भाषा न येताही पान चुरगळून, वास घेऊन, देठ दाखवून हातवाऱ्यांनी बोलत होत्या. मला त्यांचा हेवा वाटला.

पुढच्या रविवारी त्या मुलीने आम्हा दोघींना भाड्याच्या खोलीवर जेवायला बोलावलं. मावशी घरचे तांदूळ आणि ताज्या पानांची जुडी घेऊन आल्या. तिने पानं, लसूण, हिरवी मिरची आणि मीठ वाटलं, वर लिंबू पिळलं आणि मऊ भाताशेजारी हिरवागार गोळा वाढला.

मावशींनी बोटाने चाखून पाहिलं. "कडू हाय," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने त्यांनी ताट पुढे केलं. "वाढ अजून."

जेवण झाल्यावर मावशींनी पिशवीतून स्वतः उकळलेल्या ब्राह्मीच्या तेलाची बाटली काढली आणि त्या मुलीला पुढ्यात बसवून तिच्या डोक्याला तेल घालायला घेतलं. वेणी घालून व्हायच्या आतच तिला मावशींच्या पायाला टेकून बसल्या जागी झोप लागली. मावशींनी मला खुणेनेच गप्प बसायला सांगितलं. तासभर त्यांनी पाय हलवला नाही.

त्यानंतर ती कँटीन सोडून घरचा भात आणि ती चटणी डब्यात आणू लागली, आणि तिचं पोट सावरलं. गुण पानांचा की मऊ भाताचा, मला सांगता येणार नाही. त्या दोघींना मात्र कसलीच शंका नव्हती.

वर्षभराने ती बदली होऊन बंगळूरला गेली. मावशी भेटल्या की तिची खुशाली विचारायच्या. तोवर त्यांच्याही घरी ती चटणी होऊ लागली होती.

"मालक म्हणत्यात, जेवाय वाढतीस का औषध पाजतीस?" त्यांनी एकदा सांगितलं.

"मग तुम्ही काय म्हणता?"

"म्हणते, दोन्ही. खावा गप."